अडतीस पात्र, सहा सभासद: गणित सन्मान संस्थेच्या एका शाखेचे प्रकरण

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात गणित आणि संगणकशास्त्र हे दोन्ही विषय एकाच विभागात शिकवले जातात. त्या विभागातील सन्मान संस्थेच्या शाखेची मी काही वर्षे प्राध्यापक-सल्लागार होते. त्यांतल्या दोन वर्षांत जे घडले ते येथे मांडले आहे. विद्यापीठाचे किंवा कोणाचेही नाव दिलेले नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले गेले तसेच, चुकांसह, लिहिले आहेत.

पार्श्वभूमी

आपल्याकडच्या महाविद्यालयांत गणित मंडळ असते. नाव नोंदवले की कोणीही सभासद होतो, 22 डिसेंबरला रामानुजन यांच्या जयंतीला भित्तिपत्रक लागते, एखाद्या पाहुण्यांचे व्याख्यान होते. अमेरिकेतील सन्मान संस्था म्हणजे असे मंडळ नव्हे. तेथे आपणहून नाव नोंदवता येत नाही. गुण पाहून बोलावणे येते. ते स्वीकारले तर एकदाच प्रवेशशुल्क भरायचे, छोट्या समारंभात नोंदवहीत सही करायची, आणि मग ते सभासदत्व आयुष्यभर टिकते. पदवीदानाच्या दिवशी काळ्या झग्यावर संस्थेच्या रंगांचा गोंडेदार दोर घालता येतो, तेवढीच त्याची बाहेरून दिसणारी खूण.

या प्रथेची सुरुवात 1776 मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झालेल्या फाय बीटा कप्पापासून मानली जाते. गणितापुरती पाय म्यू एप्सिलॉन ही जुनी संस्था. ती 1914 मध्ये सिराक्यूज विद्यापीठात, प्रा. एडवर्ड ड्रेक रो यांच्या पुढाकाराने, तेथील गणित मंडळातून उभी राहिली. 1931 मध्ये ओक्लाहोमातील टाहलेक्वा येथील अध्यापक महाविद्यालयात कप्पा म्यू एप्सिलॉन सुरू झाली, आणि संगणकशास्त्रासाठीची उप्सिलॉन पाय एप्सिलॉन 1967 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात. आमची शाखा गणिताच्या संस्थांपैकी एकीची. कोणत्या, ते मुद्दाम सांगत नाही. पात्रतेच्या अटी साधारण एकाच धर्तीच्या असतात. उदाहरणार्थ, कप्पा म्यू एप्सिलॉन तीन सत्रे पूर्ण केलेला, गणितात ‘बी’ सरासरी असलेला आणि आपल्या वर्गात वरच्या 35 टक्क्यांत असलेला विद्यार्थी मागते; पाय म्यू एप्सिलॉनला 4 पैकी किमान 3.0 जीपीए (सर्व विषयांच्या श्रेणींची सरासरी) लागतो, गणितातही आणि एकूणातही. राष्ट्रीय संस्थेने घातलेल्या किमान मर्यादेच्या खाली शाखेला जाता येत नाही, पण स्वतःपुरती मर्यादा वाढवता येते. या शेवटच्या मुभेने आमच्या प्रकरणात बराच घोळ केला.

सिराक्यूजमध्ये मंडळाची सन्मान संस्था झाली. शंभर वर्षांनी आमच्यासमोर प्रश्न आला तो नेमका उलटा: सन्मान संस्थेचे पुन्हा मंडळ करावे की काय?

अडचण

पहिल्या वर्षी फेब्रुवारीत रजिस्ट्रार कार्यालयाकडून पात्र विद्यार्थ्यांची यादी आली. तीत 38 नावे होती. विभागाच्या सामाईक पत्त्यावरून सर्वांना एकच ईमेल जाई, अशी आमची पद्धत होती. विषयाच्या ओळीत ‘अभिनंदन’, मजकुरात संस्थेची दोन वाक्यांत ओळख आणि खाली शुल्क भरण्याची लिंक. तीन आठवड्यांत सहा होकार आले. त्या सहांपैकी चौघे मे महिन्यात पदवी घेऊन जाणार होते, म्हणजे अध्यक्षापासून खजिनदारापर्यंतची चार पदे पुढच्या वर्षी उरलेल्या दोघांनी वाटून घ्यायची. यादीतले 21 जण संगणकशास्त्राचे होते. त्यांच्यातून होकार आला तो एकाचाच.

याच सुमारास पुण्याहून आलेली एक विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. पुण्यात बी.एस्सी.ची दोन वर्षे करून तिने आमच्याकडे प्रवेश घेतला होता आणि तिचे पहिलेच सत्र संपले होते. तिने फोन माझ्यापुढे धरला. ते ईमेल तिने घरी व्हॉट्सअॅपवर पाठवले होते आणि खाली वडिलांचे उत्तर होते: ‘अभिनंदन म्हणून आधी पैसे मागतात ते सगळे फ्रॉड असतात. लिंक उघडू नकोस. मॅडमना विचार.’

“मॅडम, हे खरं आहे का हो?” तिने विचारले.

खरे आहे असे मी सांगितले, पण तिच्या वडिलांचे काही चुकले असे मला वाटले नाही. ग्रीक अक्षरांची नावे घेऊन, कोणालाही ‘निवड’ कळवून, पैसे घेऊन प्रमाणपत्र पाठवणाऱ्या संस्था अमेरिकेत आहेतच. खऱ्या संस्थांनी 1925 मध्ये आपला महासंघ काढून पात्रतेचे निकष ठरवून घेतले आहेत. आमचे ईमेल आणि त्या संस्थांचे ईमेल शेजारी ठेवले असते तर मलाही फरक सांगता आला नसता.

तिचे नाव तपासताना दुसरीच गोष्ट निघाली. इतर विद्यापीठांतून आणलेल्या अभ्यासक्रमांचे क्रेडिट आमच्याकडे जमा होते, पण त्यांचे गुण जीपीएत धरले जात नाहीत. रजिस्ट्रारच्या संगणकाने तिचे एकूण क्रेडिट पाहिले, ते पुरेसे होते; जीपीए पाहिला, तो उत्तम होता. पण तो जीपीए चार विषयांचा, एका सत्राचा होता. आमंत्रण तर जाऊन पोहोचले होते.

त्या महिन्यात होकार न दिलेल्या ज्या विद्यार्थ्यांची वर्गात किंवा जिन्यात गाठ पडली त्यांना मी कारण विचारले. काहींनी ईमेल न उघडताच पुसून टाकले होते. काहींना शुल्क जड वाटले. आठवड्याचा किराणा त्यात येतो, असे एकाने हिशेब करून सांगितले. संगणकशास्त्राच्या एका मुलाचे उत्तर सर्वांत सरळ होते: “नोकरीच्या मुलाखतीत हे कोणी विचारत नाही, आणि तुम्ही वर्षभर करता तरी काय?” आम्ही वर्षभर काही करत नव्हतो. एप्रिलमध्ये केक कापत होतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय शाखा शांतपणे बंद पडू देण्याचा होता. विभागाच्या बैठकीत तो कोणी उघड मांडला नाही, पण बऱ्याच जणांच्या गप्प बसण्यात तो होता.

दुसरा पर्याय खुले मंडळ काढण्याचा. त्याच्या बाजूने बोलणारे सहकारी म्हणत, की ज्याला गणिताची गोडी आहे त्याला गुणपत्रिका कशाला विचारायची? हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. विरुद्ध बाजू अशी होती, की आमच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या घरात महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी. त्यांच्या कामाची बाहेरच्या कोणीतरी घेतलेली नोंद त्यांच्यासाठी मोलाची असते, आणि तिचा व्यवहारातही एक उपयोग आहे. अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकरीत नुसत्या पदवीवर जीएस-5 या श्रेणीत प्रवेश मिळतो, तर मान्य राष्ट्रीय सन्मान संस्थेचे सभासदत्व हे जीएस-7 या वरच्या श्रेणीसाठी धरल्या जाणाऱ्या गुणवत्तेच्या पुराव्यांपैकी एक आहे. ही माहिती आमच्या पत्रात कधीच नव्हती. अर्थात या नोकऱ्या बहुतेक करून नागरिकांनाच मिळतात, त्यामुळे पुण्याच्या मुलीला तिचा काही उपयोग नव्हता, आणि परदेशी विद्यार्थी आमच्याकडे थोडे नव्हते.

तिसरा पर्याय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी उप्सिलॉन पाय एप्सिलॉनची वेगळी शाखा काढण्याचा होता. त्यासाठी दुसरा सल्लागार हवा होता. कोणी पुढे आले नाही, आणि विषय तेथेच संपला.

चौथा पर्याय आहे ती शाखा ठेवून आमंत्रणाची आणि वर्षभराच्या कामाची रीत बदलण्याचा. आम्ही हा स्वीकारला. खुल्या मंडळाच्या पर्यायातली प्रश्नसंध्या, म्हणजे कोणीही येऊन गणिताचे प्रश्न एकत्र सोडवण्याची संध्याकाळ, मात्र त्यात उचलून आणली.

पुण्याच्या विद्यार्थिनीबद्दलचा निर्णय यापासून वेगळा, आणि माझ्या दृष्टीने अधिक अवघड होता. गेलेले आमंत्रण मागे घ्यायचे, की एका सत्राच्या जीपीएवर तिला प्रवेश द्यायचा? तिची पुण्याची गुणपत्रिका दहाच्या श्रेणीत होती. ती कशी वाचायची हे प्रवेश ठरवणाऱ्या तिघांच्या समितीत फक्त मला ठाऊक होते. पण तिच्या बाजूने मी बोलले असते तर एक मराठी बाई मराठी मुलीसाठी बोलते आहे असेच ते ऐकले गेले असते, निदान मला तशी धास्ती वाटली, आणि मी त्या विषयापुरती समितीतून बाजूला झाले. उरलेल्या दोघांनी एक वर्ष थांबावे असा निर्णय दिला. तिला तो सांगण्याचे काम माझ्याकडे आले. “ठीक आहे मॅडम,” ती म्हणाली. तिने बाबांना काय सांगितले ते मी विचारले नाही.

प्रत्यक्षात काय केले

उन्हाळ्याच्या सुटीत विभागाचे जुने कपाट आवरताना शाखेची इतिवृत्ताची वही सापडली. आमच्या शाखेची मर्यादा 3.0 नव्हे, तर 3.5 होती, आणि ती का, हे विभागात कोणालाच सांगता येत नव्हते. वहीत त्याचे कारण मिळाले. 1990 च्या दशकातील एका वर्षी पात्र विद्यार्थी फार झाले आणि समारंभाच्या भोजनाची खोली 40 खुर्च्यांची होती, म्हणून मर्यादा वाढवण्याचा ठराव झाला होता. ती खोली पुढे प्रयोगशाळेत गेली, ठराव राहिला. इतकी वर्षे आम्ही ती मर्यादा गुणवत्तेच्या नावाने सांगत होतो.

सप्टेंबरमध्ये सभासदांनी मतदान करून ती पुन्हा राष्ट्रीय किमान मर्यादेवर, 3.0 वर आणली. दर्जा घसरेल अशी हरकत दोन सहकाऱ्यांनी घेतली. मी त्यांच्यापुढे मर्यादेमुळे बाहेर राहिलेल्या विद्यार्थ्यांचे, नावे झाकून, वर्षनिहाय गुण ठेवले. पहिल्या वर्षी घसरलेले आणि नंतर सावरलेले, किंवा आठवड्याला वीस तास नोकरी करून शिकणारे असेच त्यांत जास्त होते. हरकत मागे घेतली गेली नाही, पण पुढे रेटलीही गेली नाही.

शुल्कासाठी विभागाच्या निधीतून थोडी रक्कम बाजूला ठेवली. होकाराच्या अर्जावर एक चौकोन छापला: ‘माझे शुल्क विभागाने भरावे.’ खूण करणाऱ्याने कारण द्यायचे नाही आणि आम्ही विचारायचे नाही, एवढेच ठरले. निधी पुरणार नाही अशी भीती होती, तो पुरला.

शाखेचा नवा अध्यक्ष उत्साही होता. त्याने माझ्याकडे पात्र विद्यार्थ्यांची यादी मागितली. प्रत्येकाला स्वतः भेटून सांगतो म्हणाला. ती मी दिली नाही. 1974 च्या फर्पा या, विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींची गोपनीयता जपणाऱ्या अमेरिकी कायद्याप्रमाणे विद्यार्थ्याचे गुण त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या विद्यार्थ्याला कळवता येत नाहीत, आणि 3.0 च्या वरच्यांची यादी म्हणजे एका अर्थी गुणच. सभासद झालेल्यांची नावे जाहीर करायला सहसा अडचण नसते, कारण तो मिळालेला मान आहे. पात्र असून न आलेल्यांची नावे मात्र कोणाच्या हातात जाता कामा नयेत. अध्यक्षाला हे पटायला वेळ लागला. मग ठरले असे, की ज्या प्राध्यापकांकडे तो विद्यार्थी त्या सत्रात शिकतो आहे त्यांनी स्वतः सही केलेले कागदी पत्र, बंद पाकिटात, त्याला द्यावे.

प्रश्नसंध्या ऑक्टोबरपासून दर दुसऱ्या गुरुवारी भरू लागली, आणि तिला गुणांची अट नव्हती. पहिल्या संध्याकाळचा प्रश्न जुनाच होता: 6 बाय 6 च्या पटावरून कर्णाच्या दोन टोकांचे, समोरासमोरचे कोपरे कापले, तर उरलेली 34 घरे दोन-दोन घरांच्या 17 पट्ट्यांनी झाकता येतील का? संगणकशास्त्राच्या मुलांनी लगेच लॅपटॉप उघडून सगळ्या शक्यता धुंडाळणारा प्रोग्राम लिहिला आणि उत्तर ‘नाही’ असे आणले. गणिताची एक मुलगी फळ्यापाशी गेली, तिने पट काळापांढरा रंगवला आणि दाखवले की समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात, म्हणून उरतात एका रंगाची 18 आणि दुसऱ्याची 16 घरे. प्रत्येक पट्टी मात्र दोन्ही रंगांचे एकेक घर झाकते. लॅपटॉपवाल्यांपैकी एकाने विचारले, की मग वेगवेगळ्या रंगांची कोणतीही दोन घरे कापली तर नेहमी झाकता येईल का? त्या दिवशी आम्ही साडेआठला दिवे बंद केले. एप्रिलच्या केकला इतका वेळ कोणी थांबल्याचे मला आठवत नाही.

पाकिटांचा प्रसंग

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत यादी आली ती 71 नावांची. पाकिटे तास संपल्यावर एकेकट्याला द्यावीत असे मी सहकाऱ्यांना तोंडी सांगितले होते. लेखी सूचना दिली नव्हती. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या वर्गात एका सहकाऱ्यांना तास संपताच दुसरीकडे जायचे होते. त्यांनी तासाच्या सुरुवातीलाच पाकिटे टेबलावर ठेवली आणि नावे पुकारली, प्रत्येक नावाला टाळ्याही झाल्या. त्यांच्या मनात कौतुकच होते.

त्या वर्गात सत्रभर शेजारी बसणारे, गृहपाठ एकत्र करणारे दोन मित्र होते. एकाचे नाव पुकारले गेले, दुसऱ्याचे नाही. दुसरा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. त्याने स्वतःच जीपीए सांगितला, 2.96. राष्ट्रीय मर्यादेच्या खाली आम्हाला जाता येत नाही हे मी समजावू लागले, तर त्याने मला मध्येच थांबवले. नियम त्याला मान्य होता. तो म्हणाला, “पण आता माझा आकडा वर्गातल्या सगळ्यांना कळला.”

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या कायद्याचा हवाला देऊन मी अध्यक्षाला यादी नाकारली होती, त्याच कायद्याने जपायची माहिती आमच्या पाकिटांनी तीस जणांसमोर उघडी केली होती, आणि पाकिटांची कल्पना माझी होती.

निष्पत्ती

71 पैकी 27 जणांनी होकार दिला. गणिताच्या 31 पैकी 19 आले. संगणकशास्त्राच्या 40 पैकी आठच. म्हणजे ज्या गटासाठी प्रश्नसंध्येत लॅपटॉप उघडू दिले त्यांच्यातले बरेच जण संध्येला येत राहिले आणि सभासद मात्र झाले नाहीत. मी प्रथम याला अपयश समजत होते. आता तसे ठामपणे म्हणवत नाही. त्यांना जे हवे होते ते सभासदत्वाशिवाय मिळत होते, आणि सल्लागार म्हणून मी त्यांना दोर विकायला बसले नव्हते.

शुल्काच्या चौकोनात 11 जणांनी खूण केली. पदाधिकाऱ्यांसाठी प्रथमच निवडणूक घ्यावी लागली.

पुण्याच्या विद्यार्थिनीचे नाव या वेळी कोणत्याही शंकेशिवाय यादीत होते. समारंभ एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला झाला, तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेतीन वाजले होते. तिने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून पहिल्या रांगेच्या खुर्चीवर उभा केला होता. नोंदवहीत सही करून ती वळली तेव्हा पडद्यावर अंधाऱ्या खोलीतले दोन चेहरे दिसत होते आणि आवाज बंद केलेला होता. नंतर तिने मला सांगितले की बाबांनी शुल्क स्वतः पाठवले, विभागाचा चौकोन भरू दिला नाही.

काय वेगळे करता आले असते

यादीची तपासणी पत्रे जाण्यापूर्वी व्हायला हवी होती. आणलेले क्रेडिट आणि येथला जीपीए यांतली तफावत ही काही दुर्मीळ बाब नव्हे. कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयातून, आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांनाही ती लागू होती, फक्त त्यांच्यापैकी कोणी फोन घेऊन माझ्याकडे आले नाही. आता शाखेच्या नियमांत असे आहे की बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची दोन सत्रे येथे पूर्ण झाल्यावरच त्याचा विचार व्हावा, आणि मूळ गुणपत्रिकाही पाहावी.

समितीतून बाजूला होणे मला त्या वेळी सचोटीचे वाटले. आज वाटते की मी मत न देता माहिती देऊ शकले असते: दहाच्या श्रेणीचा अर्थ काय, पुण्याच्या त्या अभ्यासक्रमात काय शिकवतात, हे एका पानावर लिहून दोघांपुढे ठेवणे म्हणजे पक्षपात नव्हे. कदाचित निर्णय तोच झाला असता. पण तो गुणपत्रिका वाचून झाला असता.

आमंत्रणाबद्दल सांगायचे तर, ईमेल कोरडे होते म्हणून आम्ही ते माणसाच्या हातून द्यायचे ठरवले, आणि माणसाच्या हातून देताना भोवती इतर माणसे असतात हे विसरलो. तिसऱ्या वर्षापासून पत्रे टपालाने घरच्या पत्त्यावर जातात, प्राध्यापकाची सही आणि हाताने लिहिलेली एक ओळ त्यावर असते, आणि वर्गात त्यांचा उल्लेख करायचा नाही ही सूचना लेखी दिली जाते. त्या सूचनेवर सगळे सही करतात. पाकिटे पुकारणाऱ्या सहकाऱ्यांनी सर्वांत आधी केली.

तिसऱ्या वर्षीच्या यादीत 2.96 वाल्या विद्यार्थ्याचे नाव आले. त्याचा जीपीए 3.1 च्या वर गेला होता. त्याच्या पत्रावरची ओळ मी लिहिली, आणि ती लिहायला मला इतर सगळ्या पत्रांपेक्षा जास्त वेळ लागला. होकाराची मुदत संपेपर्यंत त्याचे उत्तर आले नाही. प्रश्नसंध्येला मात्र तो येत असे, मित्राबरोबर, मागच्या बाकावर.